लॅपटॉपला वायफाय लागत नाही? आधी फोन शेजारी ठेवा

गेल्या जूनमधली गोष्ट. रात्री साडेनऊला आमच्या मजल्यावरच्या काकू लॅपटॉप हातात धरूनच दारात आल्या. मुलीचा प्रवेशाचा अर्ज भरायचा होता, मुदत त्याच रात्री बाराला संपत होती आणि लॅपटॉपला वायफाय लागत नव्हतं. तोवर राउटर तीनदा बंद-चालू करून झाला होता, केबलवाल्या दादांना पाच फोन गेले होते आणि धाकटा मुलगा राउटरच्या मागच्या बारीक भोकात सिमची पिन घालायच्या बेतात होता. मी लॅपटॉप हातात घेऊन त्याच्या कडा पाहिल्या. पुढच्या कडेला, मनगट टेकतं तिथे खाली, नखाएवढं एक सरकतं बटण होतं. बॅगेत भरताना ते सरकलं होतं. उजवीकडे ढकललं, बटणाशेजारचा नारिंगी दिवा निळा झाला आणि अर्ध्या मिनिटात नेट सुरू झालं. अर्ज सव्वादहाला भरून झाला.

ठाण्यात वर्तकनगरला राहते मी, बहीण नेरूळला. दोन्हीकडच्या सोसायट्यांत अशा हाका येतच असतात, आणि दर वेळी एकच दिसतं: बिघाड छोटा असतो, पण तो कुठे आहे हे न पाहता माणसं हाताला लागेल ते दाबत सुटतात. मग मूळ बिघाड राहतो बाजूला आणि दोन नवे उभे राहतात. म्हणून हा लेख सविस्तर लिहिते आहे. विंडोज धरून लिहिलंय, कारण बहुतेक घरांत तेच आहे.

वायफाय वेगळं, इंटरनेट वेगळं

लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा बिनतारी रस्ता म्हणजे वायफाय. राउटरपासून पुढे, भिंतीतून बाहेर जाणाऱ्या तारेने जगाशी जोडतं ते इंटरनेट. आपण दोन्हींना "नेट गेलं" असंच म्हणतो आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. पहिला रस्ता तुटला तर तुम्हीच दुरुस्त करू शकता. दुसरा तुटला असेल तर लॅपटॉपवर रात्रभर बसलात तरी काही होणार नाही.

कोणता तुटलाय हे कळायला दोन मिनिटं लागतात. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, तो घरच्या वायफायला जोडा, लॅपटॉपच्या शेजारी ठेवा आणि आधी कधी न शोधलेलं काहीतरी शोधा. जुनी उघडी पानं बघू नका, ती फोनने साठवून ठेवलेली असतात. फोनवर चाललं तर राउटर आणि बाहेरची लाइन ठीक आहे, घोळ लॅपटॉपमध्ये आहे. फोनवरही नाही चाललं तर लॅपटॉपला हात लावू नका, थेट खालच्या "नो इंटरनेट"च्या भागाकडे जा, राउटरचं सगळं तिथे आहे.

फोनवर चालतं आणि लॅपटॉपवर नाही, असं असेल तर आणखी एक चाचणी करा. फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्याला जोडून पाहा. जोडला गेला तर लॅपटॉपचं वायफाय कार्ड, म्हणजे लहरी पकडणारा आतला भाग, जिवंत आहे, फक्त त्याचं आणि तुमच्या राउटरचं जमत नाहीये. हॉटस्पॉटसुद्धा दिसत नसेल तर कार्ड बंद आहे किंवा विंडोजला ते सापडत नाहीये. पुढचं सगळं या दोन उत्तरांवर ठरतं.

वायफाय चालूच होत नाही

आधी लॅपटॉपच्या कडा बघा. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपना समोर किंवा बाजूला सरकतं बटण असायचं. हल्ली ते काम वरच्या ओळीतली कळ करते, तिच्यावर विमानाचं किंवा लहरी सोडणाऱ्या अँटेनाचं चित्र असतं. एचपीच्या बऱ्याच मॉडेलवर एफ १२, लेनोवोच्या आयडियापॅडवर बहुतेकदा एफ ७ किंवा एफ ८. पण आकडा पाठ करू नका, चित्र शोधा. नुसती कळ दाबून काही झालं नाही तर डाव्या कोपऱ्यातली एफएन कळ धरून तीच पुन्हा दाबा. घरात लहान मूल असेल, किंवा कीबोर्ड फडक्याने पुसला असेल, तर ही कळ नकळत दाबली जाण्याची शक्यता फार.

मग विंडोजची कळ धरून ए दाबा. एक चौकट उघडते, त्यात वायफाय, ब्लूटूथ, एअरप्लेन मोड अशी बटणं असतात. एअरप्लेन मोड चालू असेल तर बंद करा, वायफायचं बटण करडं असेल तर दाबून चालू करा. त्या चौकटीत वायफायचं बटणच नसेल तर विंडोजला कार्ड दिसत नाहीये, आणि मग वरवरचे उपाय पुरत नाहीत.

अशा वेळी स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि त्यात नेटवर्क अ‍ॅडाप्टर्सची यादी उलगडा. तिथे इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम या नावापुढे वायफाय किंवा वायरलेस लिहिलेली एक ओळ असायला हवी. त्या ओळीवर खाली जाणारा छोटा बाण असेल तर कार्ड कुणीतरी बंद केलंय, राइट क्लिक करून एनेबल करा. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणारा छोटा प्रोग्राम, बिघडलाय. ओळच नसेल तर कार्ड झोपलंय, निसटलंय किंवा गेलंय.

"झोपलंय" हे मी उगाच म्हणत नाही. लॅपटॉप दिवसभर झाकण मिटून ठेवला, संध्याकाळी उघडला आणि वायफाय गायब, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार आहे. त्यावर एक साधा उपाय आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. मग सगळं जोडून चालू करा. कार्डात अडकून राहिलेली वीज निघून जाते आणि ते नव्याने उठतं. बंद करताना शिफ्ट धरून शट डाउन दाबा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते, तिच्यामुळे नुसत्या शट डाउनने लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही, आतली स्थिती तशीच साठवून ठेवतो. म्हणूनच कधीकधी "बंद करून चालू केलं, तरी तेच" असं होतं आणि रीस्टार्टने मात्र काम होतं.

हे रोजच होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या ओळीवर दोनदा क्लिक करा आणि पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर जा. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी विंडोजला देणारी एक खूण तिथे असते, ती काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे पान नसतं. नसेल तर शोधत बसू नका.

ड्रायव्हर आणायचा, पण नेटच नाही

पिवळा त्रिकोण दिसला तर त्या ओळीवर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल डिव्हाइस करा. ड्रायव्हरही काढून टाकायचा का, असं विचारणारी चौकट आली तर तिथे खूण करू नका. रीस्टार्ट केल्यावर विंडोज तोच ड्रायव्हर स्वतःहून पुन्हा बसवतं आणि पुष्कळदा तेवढ्याने भागतं. नुकताच विंडोजचा अपडेट येऊन गेला असेल तर ड्रायव्हरच्या पानावर रोल बॅक हे बटण पाहा. ते दाबता येत असेल तर जुना ड्रायव्हर परत बसतो.

नवा ड्रायव्हर आणायचा तर नेट हवं, आणि नेट तर बंद. इथे बहुतेक लोक हात टेकतात. पण तुमच्या अँड्रॉइड फोनची चार्जिंगची केबल आहे ना? तिने फोन लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग शोधा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. वायफाय कार्ड मेलेलं असलं तरी लॅपटॉपला केबलमधून नेट मिळतं. केबल डेटाची हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बऱ्याच फोनवर तेच नेट पुढे जातं, मोबाइल डेटा खर्चही होत नाही. काकूंच्या त्या रात्री बटण सापडलं नसतं तर मी हेच केलं असतं. घाईच्या वेळी आधी हे करून काम उरका, दुरुस्ती दुसऱ्या दिवशी.

ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो, तो तिथे टाकायचा. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" असं सांगणारे फुकटचे प्रोग्राम अजिबात बसवू नका. त्यांनी भरलेला कचरा साफ करायला मी एका आजोबांच्या घरी आख्खा रविवार घालवला आहे. विंडोज १० चं मोफत नियमित समर्थन, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवाल्यांनी तर जास्तच जपून.

नेटवर्क दिसत नाही, किंवा दिसतं पण जोडत नाही

फोनला घरचं नेटवर्क दिसतं आणि लॅपटॉपला शेजाऱ्यांची सगळी दिसतात, फक्त आपलंच दिसत नाही. याचं कारण बहुतेक वेळा पट्टा असतो. राउटर लहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुन्या, स्वस्त लॅपटॉपचं कार्ड फक्त २.४ वालं असतं, त्याला ५ चं नेटवर्क दिसणारच नाही. राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याच्या पानाचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाका, राउटरच्या पानाचा पासवर्ड भरून आत जा आणि २.४ चा पट्टा चालू आहे का पाहा. तिथेच सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए ३ ठेवलेला असेल तर जुना लॅपटॉप त्यावरही अडतो. डब्ल्यूपीए २ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडा.

पासवर्ड बरोबर टाकूनही जोडत नसेल तर लॅपटॉपने जुना पासवर्ड धरून ठेवलेला असतो. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग मॅनेज नोन नेटवर्क्स. तिथे आपल्या नावापुढे फर्गेट दाबा आणि नव्याने जोडा. टाइप करताना डोळ्याचं चित्र दाबून अक्षरं वाचून पाहा. केबलवाल्या दादांनी घाईत लिहून दिलेल्या चिठ्ठीवर शून्य आणि इंग्रजी ओ यांच्यात फार लोक फसतात.

जोडलंय, पण "नो इंटरनेट"

हे फोनवरही होत असेल तर राउटरकडे बघा. फायबरच्या डब्यावर दिव्यांची रांग असते. त्यात एलओएस असं लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर बाहेरून येणारा प्रकाश तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीये. अशा वेळी राउटर कितीदाही बंद-चालू करा, उपयोग नाही. पण तक्रार करण्याआधी घरातली तार एकदा डोळ्यांखालून घाला. नेरूळला बहिणीकडे दर दोन-चार दिवसांनी लाल दिवा लागायचा. तीन वेळा माणूस येऊन गेला, तो आला की सगळं नीट चालायचं. शेवटी मी तार बोटांनी चाचपत गेले. ती बाल्कनीच्या सरकत्या खिडकीच्या पट्टीतून आत आली होती. पाऊस आला की बहीण खिडकी घट्ट ओढायची आणि तार काचेच्या चौकटीखाली दबायची. तारेवर पांढरट चपटी खूण उमटली होती. फायबर म्हणजे केसाहून बारीक काच, ती तीव्र कोनात वाकली की आतला प्रकाश बाहेर गळतो. खिडकीच्या चौकटीला वेगळं भोक पाडून तार घेतली, तेव्हापासून लाल दिवा लागला नाही. तार चाचपताना एक लक्षात ठेवा: फायबरचं टोक काढून त्यात डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला घातक ठरू शकतो.

पावसाळ्यात, आणि रस्ता खोदून ठेवलेला असतो तिथे, तार बाहेरही तुटते. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर टांगलेल्या तारा आपल्याकडे सगळीकडे दिसतात. तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. "एलओएस लाल आहे, सकाळी अकरापासून, शेजारच्या फ्लॅटमध्येही तसंच" असं सांगितलं तर माणूस योग्य अवजारं घेऊन येतो. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

दिवे हिरवे असूनही नेट नसेल तर राउटरचा प्लग काढा, तीस सेकंद थांबा, लावा आणि पाच मिनिटं त्याला हात लावू नका. मागच्या बारीक भोकातलं रीसेट मात्र दाबायचं नाही. त्याने राउटर कारखान्यातून आला तसा होतो, कंपनीने भरलेलं युजरनेम आणि सेटिंग पुसलं जातं, आणि माणूस येईपर्यंत घर नेटविना बसतं. आमच्याच इमारतीत एका घरी यामुळे शनिवार-रविवार दोन्ही गेले, सोमवारी परीक्षा असताना.

फोनवर नेट आहे आणि लॅपटॉपवर "नो इंटरनेट" आहे, तर सर्वांत आधी उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. खूप दिवस पडून राहिलेल्या लॅपटॉपची तारीख मागे जाते आणि तारीख चुकली की सुरक्षित साइट उघडायलाच नकार देतात. तारीख दुरुस्त केली की चालू. मग व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्याच सर्व्हरमधून फिरवून आणणारा प्रोग्राम, चालू असेल तर बंद करून पाहा. त्यानंतर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. फर्गेट करून पुन्हा जोडा, नाहीतर राउटर बंद-चालू करा. पत्ता बरोबर असूनही साइट उघडत नसतील तर त्याच पानावर डीएनएस हाताने भरा, ८.८.८.८ किंवा १.१.१.१. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी वही. पहिली बिघडलेली असते, ही दुसरी वही.

स्टेशनवर, हॉस्पिटलमध्ये, कॉलेजात जोडल्यावर नेट चालत नसेल तर तिथे लॉगिनचं पान भरायचं असतं. ठाणे स्टेशनवरचं रेलवायर हे रेल्वेचं वायफायही मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतं. ते पान आपोआप उघडलं नाही तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका, बहुतेकदा लॉगिनचं पान समोर येतं. अशा ठिकाणी बँकेचे व्यवहार नकोत.

सगळं करून थकलात तरच नेटवर्क रीसेट. नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, त्यात खालच्या बाजूला. साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, व्हीपीएनही पुन्हा बसवावं लागू शकतं. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांनी ऑफिसच्या लॅपटॉपवर हे करू नये, आयटीवाल्यांना विचारावं.

चालतं, पण मधेमधे तुटतं

राउटर कुठे आहे? नव्वद टक्के घरांत असं मी म्हणणार नाही, पण पाहिलेल्या बऱ्याच घरांत तो टीव्हीमागे नाहीतर लोखंडी कपाटावर असतो. लोखंड लहरी परतवतं, आरसा आणि माशांची टाकीही त्यांना अडवतात, आणि आपल्या आरसीसी भिंतींत सळ्या आहेतच. सिडकोच्या छोट्या घरातसुद्धा आतल्या खोलीत सिग्नल मरतो तो यामुळे, अंतरामुळे नव्हे. राउटर छातीच्या उंचीवर, उघड्यावर, घराच्या मध्याकडे आणा.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहत असाल तर वेगळी अडचण. यादी उघडली की तीस-तीस नेटवर्कं दिसतात, आणि २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. राउटरच्या पानावर यातला कमी गर्दीचा निवडा, किंवा लॅपटॉप ५ वर न्या. ५ चा वेग जास्त, पण भिंत ओलांडताना तो लवकर दमतो. राउटर असलेल्या खोलीत ५, लांबच्या खोलीत २.४. मायक्रोवेव्ह चालू असताना व्हिडिओ कॉल अडखळत असेल तर त्याचं कारण हेच, मायक्रोवेव्हही २.४ च्याच आसपास चालतो. वीज गेल्यावर नेट हवं असेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. फक्त राउटरच्या अ‍ॅडाप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवून घ्या.

राउटरच्या हातभर अंतरावर फुल सिग्नल आणि खोलीबाहेर पाऊल टाकलं की शून्य, असं असेल तर एक प्रश्न: अलीकडे लॅपटॉप उघडून एसएसडी किंवा रॅम बसवली का? वायफाय कार्डावर बहुधा एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, अशा दोन बारीक तारा गव्हाच्या दाण्याहून छोट्या पितळी टोप्यांनी बसवलेल्या असतात. त्या अँटेनाच्या. दुरुस्तीत टोपी सहज निसटते आणि झाकण लावल्यावर कुणाला कळत नाही. ज्यांनी लॅपटॉप उघडला त्यांच्याकडेच न्या आणि झाकण लावण्याआधी दोन्ही टोप्या बसलेल्या स्वतः बघा. कार्डच गेलं असेल तर लॅपटॉप टाकायची गरज नाही. यूएसबीला लावायचा वायफाय डोंगल हजारेक रुपयांच्या आत मिळतो. दोन्ही पट्टे चालणारा मागा, नाहीतर दुकानदार नुसता २.४ वाला काढून देतो.